वाणीची तालीम हवी

आमच्या पिंपळे गुरवात सभांचा तोटा नाही. गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा भरतात, गणेशोत्सव मंडळांच्या बैठका होतात, व्यापाऱ्यांचे मेळावे होतात, आणि निवडणुकीच्या दिवसांत तर चौकाचौकांत मंडप उभे राहतात. तथापि या सभांतून बोलतो कोण, याची मोजदाद जर कोणी केली, तर त्यास असे आढळून येईल की, दहापाच ठरावीक तोंडे वगळल्यास बाकीचा सर्व समाज केवळ ऐकण्यासाठी, टाळ्या वाजविण्यासाठी, किंवा फार झाले तर मागच्या रांगेत कुजबुजण्यासाठीच जन्मास आला आहे की काय! ही स्थिती खेदजनक आहे. आणि ती सुधारण्याचा उपाय आपल्या हाती असून आपण तो करीत नाही, ही त्याहून अधिक खेदाची गोष्ट होय. या उपायाचा विचार आजच्या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आम्ही स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगतो. स्थळाचे नाव सांगण्याचे कारण नाही. नाव बदलले तरी हकीकत बदलणार नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये महापालिकेने शहरास दिवसाआड पाणी देण्यास आरंभ केला, तेव्हापासून टँकरचे पाणी ही पुष्कळ गृहनिर्माण संस्थांच्या जमाखर्चातील एक ठळक बाब होऊन बसली आहे. अशाच एका संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा भरली होती. तिच्या एका सभासद बाईंनी वर्षभर आलेल्या प्रत्येक टँकरची तारीखवार नोंद एका वहीत ठेविली होती, आणि त्यांचा आकडा व हिशोबातला आकडा यांचा मेळ बसत नव्हता. हिशोबाचा विषय निघताच बाई उभ्या राहिल्या. "मला एवढेच विचारायचे होते की," एवढे शब्द कसेबसे बाहेर पडले. अध्यक्ष म्हणाले, "बोला ताई, लवकर बोला, जेवणे थांबली आहेत." मागून कोणीतरी हसले. बाईंनी वही चाळली, त्यांस हवे ते पान सापडेना. घसा कोरडा पडला व त्या खाली बसल्या. "मंजूर, मंजूर" असा गजर झाला आणि हिशोब पसार झाला. दहा मिनिटांनी त्याच बाई जिन्यात तीन शेजारणींस तीच गोष्ट तारखांसह आणि आकड्यांसह इतक्या स्वच्छ रीतीने समजावून देत होत्या की, एखाद्या नामांकित वकिलाने मान डोलवावी!

आता आम्ही वाचकांस विचारतो, त्या बाईंस ज्ञान नव्हते काय? वही त्यांच्या हातात होती. धैर्य नव्हते काय? भरल्या सभेत त्या एकट्याच उभ्या राहिल्या, याहून निराळे धैर्य ते कोणते? त्यांच्यापाशी नव्हती ती फक्त सवय. आणि या एका सवयीच्या अभावी चारशे माणसांच्या पैशांचा प्रश्न जिन्यातच राहिला, सभेच्या इतिवृत्तात शिरला नाही. सार्वजनिक जीवनात जे सभेत बोलले गेले नाही ते घडलेच नाही, असे समजले जाते. म्हणून आमचे म्हणणे असे की, सभेत बोलता येणे हा काही शोभेचा अलंकार नव्हे. घराच्या दारास जशी कडी, तसे ते नागरिकाचे संरक्षण आहे.

ही गरज पूर्वीपेक्षा आज अधिक का, याचेही कारण उघड आहे. पवनाकाठचे पिंपळे गुरव हे एके काळी शेतीवाडीचे गाव होते. गावाच्या पारावर बसणारे लोक एकमेकांस बापआजापासून ओळखत. तेथे भाषण करावे लागत नसे, नुसता खाकरा पुरे होई. पुढे १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, मागोमाग औद्योगिक वसाहत वसली, मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले, आणि कारखानदारीची ही रांग भोसरीवरून चाकणपर्यंत जाऊन भिडली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश व परप्रांत येथून पोटासाठी आलेली माणसे सांगवी, कासारवाडी, दापोडी व पिंपळे गुरव येथे एका भिंतीस भिंत लावून राहू लागली. आज एका जिन्यावर सोळा बिऱ्हाडे असतात, आणि त्यांचे गाव, जात, बोली, धंदा यांत काडीचे साम्य नसते. अशा ठिकाणी खाकरा कोणास समजणार? येथे अनोळखी माणसापुढे उभे राहून, त्यास पटेल अशा क्रमाने, थोडक्यात व न चिडता आपले म्हणणे मांडता आले पाहिजे. पारावरची वाणी येथे पुरी पडत नाही. तिला सभेची वाणी व्हावे लागते.

त्यातच आणखी एक गोष्ट घडली. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या २०१७ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि पुढे कित्येक वर्षे निवडणुकीवाचून प्रशासकाच्या हाती कारभार राहिला. नगरसेवक नसताना नागरिकांची गाऱ्हाणी ऐकावीत म्हणून महापालिकेने त्याच वर्षी क्षेत्रीय कार्यालयांतून जनसंवाद सभा भरविण्याचा उपक्रम काढला. उपक्रम चांगला होता. परंतु संवादास दोन बाजू लागतात. एका बाजूस कागदपत्रांत मुरलेला अधिकारी, आणि दुसऱ्या बाजूस घाबरून तीन गाऱ्हाणी एकात मिसळणारा, किंवा पहिल्याच वाक्यास आवाज चढविणारा नागरिक, असा सामना झाला तर निकाल काय लागणार हे सांगावयास नको. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेहमीच जागेवर असेल असे नाही, हा धडा त्या वर्षांनी आपणांस दिला आहे. तो विसरणे परवडणार नाही.

येथे कोणी म्हणेल, "वक्तृत्व ही ईश्वरी देणगी आहे, ज्यास आहे त्यास आहे, ज्यास नाही त्याने उगीच धडपड का करावी?" ही समजूत आळशी मनास फार सोयीची आहे, पण ती खोटी आहे. तिचे खंडन करण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आमच्या शेजारीच असलेल्या आळंदीस विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. कीर्तन म्हणजे केवळ भक्तीचा उमाळा असता तर संस्था कशास हवी होती? तेथे मुले चार वर्षे अभ्यास करितात, पाठांतर करितात, अर्थ लावण्यास शिकतात, आणि मग हजारो श्रोत्यांपुढे उभी राहतात. त्यांतील बहुतेक शेतकऱ्यांची मुले असतात. त्यांच्या जिभेवर सरस्वती जन्मतः नाचत नव्हती. पैलवान जसा तालमीत तयार होतो, नट जसा तालमीवाचून रंगभूमीवर पाऊल टाकीत नाही, तसाच बोलणाराही तालमीनेच तयार होतो. पिंपळे गुरवात निळू फुले यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. त्या थोर नटाचा प्रत्येक शब्द सहज वाटे. परंतु त्या सहजतेमागे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकापासूनची किती वर्षांची मेहनत होती, हे जाणत्यांस ठाऊक आहे.

दुसरे उदाहरण रमाबाई रानडे यांचे. ज्या काळी कुलीन घरातील बायकांनी चार पुरुषांपुढे तोंड उघडणे म्हणजे अनर्थ समजला जाई, त्या काळी मुलींसाठी हायस्कूल असावे या मागणीकरिता पुण्यात भरलेल्या सभेत त्यांनी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर इंग्रजीत भाषण वाचिले. घरी त्याबद्दल त्यांस काय काय ऐकून घ्यावे लागले, ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे. हुजूरपागेची मुलींची शाळा १८८४ साली उघडली. लग्न होऊन आल्या तेव्हा या बाईंस अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांस नेमाने शिकविले, वाचून घेतले, चुका दाखविल्या, तेव्हा कोठे तो दिवस उजाडला. गोपाळराव गोखल्यांचीही गोष्ट तशीच. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम रानड्यांच्या नजरेखाली करिताना त्यांची लेखणी व वाणी दोन्ही घासून निघाल्या. पुढे १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हा नव्या सभासदाने पाच वर्षे उमेदवारी केली पाहिजे असा दंडकच घातला. पुढारी आपोआप उगवत नाहीत, ते घडवावे लागतात, हे त्या पिढीस पुरते समजले होते.

मग आम्हीच ते का विसरलो? आमच्या मते, आम्ही व्याख्यान ऐकण्यासच वक्तृत्वाचे शिक्षण समजू लागलो. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, आणि दीडशे वर्षांनंतरही ती चालू आहे; हे पुण्याचे भूषण आहे यात संशय नाही. ती चालविणाऱ्या संस्थेचे नाव वक्तृत्वोत्तेजक सभा असे आहे, म्हणजे वक्तृत्वास उत्तेजन देणे हा हेतू तिच्या नावातच कोरलेला आहे. तिच्या पाठोपाठ गावोगाव व्याख्यानमाला निघाल्या. परंतु व्याख्यानमालेने एक वक्ता बोलतो व पाचशे श्रोते शहाणे होतात. त्या पाचशांतील एकही बोलता होत नाही. पोहणे पाहून कोणी पोहावयास शिकला आहे काय? शाळांतील वक्तृत्वस्पर्धांची तऱ्हा तर याहून विचित्र आहे. मास्तरांनी लिहून द्यावे, मुलाने हातवाऱ्यांसह घोकून म्हणावे, ढाल मिळवावी, आणि पुढे जन्मात पुन्हा सभेत उभे राहू नये! स्पर्धेत एकास बक्षीस मिळते आणि वीस जणांस आपण बोलू शकत नाही अशी खात्री मिळते. शिक्षणाचा मार्ग याच्या अगदी उलट असावयास हवा.

तो मार्ग अमेरिकेतील राल्फ स्मेडली नावाच्या एका गृहस्थाने शोधून काढिला. हा मोठा वक्ता नव्हता. तरुण ख्रिस्ती संघाच्या वसतिगृहांतून काम करणारा साधा शिक्षक होता. तेथे येणाऱ्या तरुणांस सभा चालविता येत नाहीत, चार शब्द नीट बोलता येत नाहीत, हे पाहून त्याने एक मंडळ काढिले. आज ज्यास टोस्टमास्टर्स इंटरनॅशनल म्हणतात त्या संस्थेचा आरंभ २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातील सँटा अ‍ॅना गावी, अशा एका संघाच्या तळघरात झाला. मेजवानीत पाहुण्यांची ओळख करून देऊन भाषणे चालविणारा जो मनुष्य असे, त्याचे नाव मंडळास दिले, एवढाच त्या नावाचा अर्थ. मद्यपानाशी त्याचा संबंध नाही. आज जगभर या संस्थेचे सुमारे अडीच लाख सभासद आहेत, आणि पुणे व पिंपरी-चिंचवड येथील कंपन्यांतून व वसाहतींतूनही तिची मंडळे भरतात.

या मंडळांची पद्धत आमच्या वाचकांनी लक्षपूर्वक पाहावी, कारण सारे मर्म तिच्यात आहे. नवे मंडळ रीतसर सुरू करावयास वीस सभासद लागतात. बैठक ठरल्या वेळी सुरू होते व ठरल्या वेळी संपते. प्रत्येक बैठकीत दोनतीन सभासद तयारी करून भाषण करितात. नवख्याचे पहिले भाषण स्वतःची ओळख करून देण्याचे, चार ते सहा मिनिटांचे; पुढील बहुतेक भाषणे पाच ते सात मिनिटांची. वेळ मोजणारा सभासद हिरवा, पिवळा व तांबडा असे दिवे किंवा पाट्या दाखवितो. तांबडा दिसला की आवरते घ्यावयाचे, मग वक्ता कितीही मोठा असो. दुसरा एक सभासद 'अं', 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' असे निरर्थक आवाज किती झाले ते मोजून शेवटी आकडा सांगतो. तिसरा भाषेच्या चुका टिपतो. नंतर आयत्या वेळी विषय देऊन एकदोन मिनिटे बोलावयास लावितात. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, प्रत्येक भाषणानंतर दुसरा सभासद उठून दोनतीन मिनिटांत त्याचे परीक्षण करितो: काय साधले, काय साधले नाही, पुढल्या खेपेस काय करावे. अभ्यासक्रम पाच पायऱ्यांचा आहे. एक पायरी झाल्यावाचून दुसरी नाही. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार इत्यादी अधिकार वर्षाने किंवा सहा महिन्यांनी बदलतात, म्हणजे ज्यास कोणी पुढारी म्हणाले नव्हते त्यासही एकदा खुर्चीवर बसून मंडळ चालवावे लागते. एका वाक्यात सांगावयाचे तर, येथे गुरू कोणी नाही; सर्वच शिष्य असून सर्वच एकमेकांचे परीक्षक आहेत.

ही पद्धत आमच्या सभांशेजारी ठेवून पाहावी. आमच्याकडे सहाची सभा सात वाजता सुरू होते. मग दीपप्रज्वलन, मग स्वागत, मग प्रास्ताविक, मग शालश्रीफळ, मग ज्यांचे नाव घ्यावयाचे राहिले त्यांचा रुसवा काढणे. मुख्य विषयास हात लागतो तेव्हा अर्धे लोक घरी गेलेले असतात. वक्त्यास वेळेची आठवण देणे म्हणजे त्याचा अपमान. त्याची चूक दाखविणे म्हणजे जन्माचे वैर. ज्या सभेत कारखान्यातील एखादा तरुण कामगार वडीलधाऱ्या व्यवस्थापकास "आपले भाषण विषय सोडून गेले" असे सर्वांसमक्ष व सभ्यपणे सांगू शकतो, आणि तो व्यवस्थापक आभार मानून ते टिपून घेतो, ती सभा आमच्या समाजात खरोखर क्रांतिकारक ठरेल. वाक्पटुत्व हा या तालमीचा लहान लाभ होय. परीक्षण करावयास व सोसावयास शिकणे हा मोठा लाभ.

तथापि परदेशी वस्तू आली म्हणून डोळे मिटून गिळावी, या मताचे आम्ही नाही. या मंडळांतही दोष होते व आहेत. स्त्रियांस त्यांचे दार जवळजवळ पन्नास वर्षे बंद होते. १९७० साली हेलन ब्लँचर्ड या बाईंस सभासद करून घेताना मंडळास कागदोपत्री 'होमर' असे पुरुषाचे नाव लावावे लागले! १९७३ साली नियम बदलला, आणि १९८५ साली त्याच बाई साऱ्या जगाच्या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. जो पंथ आपली चूक इतकी उघड दुरुस्त करितो त्याचे कौतुकच केले पाहिजे. पण दार उघडे असले म्हणजे सर्व आत येतात असे नाही. आमच्याकडील ही मंडळे बहुतांशी इंग्रजीतून चालतात, वर्गणी अमेरिकेतील कचेरी ठरविते, आणि येणारांपैकी पुष्कळांचा हेतू नोकरीत बढती मिळावी एवढाच असतो. तो हेतू वाईट नव्हे. परंतु टँकरची वही ठेवणाऱ्या आमच्या त्या बाई तेथे जाणार नाहीत. यंत्रावर उभा राहणारा कामगार जाणार नाही. किराणा दुकानदार जाणार नाही. जे आधीच निम्मे बोलके आहेत त्यांस पुरते बोलके करणे एवढेच त्यातून घडेल.

वास्तविक आमच्याच भूमीत वाणीचा उपयोग याहून थोर कामासाठी झालेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या व साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारास धाडिला. पुढे एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियांनी उभे राहून भाषणे केली. आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली. त्या दोन स्त्रियांची नावे बहुतेकांस ठाऊक नाहीत, पण त्यांच्या शब्दांचे फळ आपण सर्व दर आठवड्यास खात आहो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, १९५६ साली, राजकारणात उतरू पाहणाऱ्यांसाठी मुंबईत एक शिक्षणशाळाच काढिली. डिसेंबरात त्यांचे निर्वाण झाले व शाळा फार काळ चालली नाही. लोकशाहीत भाग घेणे ही शिकण्याची विद्या आहे, हा त्यामागील विचार मात्र आजही आपणांपुढे तसाच उभा आहे.

तेव्हा आमची सूचना अशी. पिंपळे गुरवात मराठीतून चालणारी एक वाणीची तालीम निघावी. वीस माणसे जमली की पुरे. महापालिका शाळेचा एखादा वर्ग, देवळाचा सभामंडप किंवा एखाद्या संस्थेचे कार्यालय संध्याकाळी दीड तास मिळाले म्हणजे जागेचा प्रश्न सुटतो. वर्गणी चहापुरती असावी. या भागात पुष्कळ कारखान्यांस गुरुवारी सुटी असते, आणि कामगारांच्या पाळ्या बदलतात. म्हणून आठवड्यात एक बैठक गुरुवारी व एक रविवारी ठेविल्यास पाळीमुळे कोणी मुकणार नाही. वेळ मोजणारा, भाषा पाहणारा, परीक्षण करणारा हे सर्व अधिकारी असावेत. हार नसावा, शाल नसावी, मानाची खुर्ची नसावी. प्रत्येक बैठकीतील वक्त्यांत निम्म्या स्त्रिया असल्याच पाहिजेत. "बायका येत नाहीत" ही सबब ऐकून घेऊ नये, वेळ व जागा त्यांच्या सोयीची आहे की नाही ते आधी पाहावे.

पाठही आमच्या गरजेचे असावेत. पहिला पाठ स्वतःची ओळख. दुसरा, घडलेला एक प्रसंग क्रमाने सांगणे. तिसरा, जमाखर्च वाचून त्यावर एक प्रश्न विचारणे. चौथा, अधिकाऱ्यापुढे एकच गाऱ्हाणे तीन मिनिटांत, आवाज न चढविता मांडणे. पाचवा, ठरावास विरोध करणे. सहावा, त्याच ठरावास उपसूचना देणे. सातवा, ज्या मताशी आपले जुळत नाही त्याच्या बाजूने बोलणे. आठवा, शोकसभेत चार शब्द बोलणे, कारण तेथे भले भले अडखळतात. नववा, सभेचे अध्यक्षस्थान घेऊन वेळेत ती संपविणे. आणि दहावा, नव्या सभासदास हाताशी धरून त्याचा पहिला पाठ करून घेणे. हे दहा पाठ ज्याने केले त्यास आम्ही वक्ता म्हणणार नाही, नागरिक म्हणू.

यात आमची एक भर आहे, आणि तिच्याविषयी आमचा विशेष आग्रह आहे. त्या परदेशी मंडळांत हात कसे हलले, डोळे कोठे होते, 'अं' किती झाले हे मोजतात. बोललेले खरे होते काय, हे मोजणारा अधिकारी त्यांच्यात नाही. आमच्या तालमीत तो असावा. त्यास 'तपासनीस' म्हणावे. वक्त्याने दिलेला आकडा कोठून आला, सांगितलेली हकीकत डोळ्यांनी पाहिलेली की ऐकीव, हे त्याने टिपावे व शेवटी सर्वांसमक्ष विचारावे. मोबाइलवर आलेला मजकूर जसाच्या तसा पुढे ढकलण्याच्या या दिवसांत वाणी धारदार करणे व सत्याची पारख न शिकविणे, म्हणजे पोराच्या हाती वस्तरा देणे होय. आमच्या त्या बाईंचे बळ त्यांच्या वहीत होते. वहीवाचून वाणी नको, आणि वाणीवाचून वही व्यर्थ; दोन्हींची जोड घालणे हेच या तालमीचे काम.

आता शेवटचा आक्षेप. "बोलाचीच कढी नि बोलाचाच भात" असा आमचा समाज आधीच बोलघेवडा आहे. त्यास आणखी बोलावयास शिकवून काय साधणार? या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून त्यास सरळ उत्तर देतो. बोलघेवडा तो, ज्यास थांबविणारा कोणी भेटला नाही. जेथे सातव्या मिनिटास तांबडी पाटी दिसते आणि आठव्या मिनिटास तपासनीस उभा राहतो, तेथे बोलघेवड्याचा निभाव लागत नाही. पाल्हाळाचा रोग मौनाने बरा होत नाही. सर्वांनी गप्प राहिल्याने पाल्हाळ लावणारासच रान मोकळे मिळते. शिवाय ज्याने स्वतः भाषण तयार केले आहे त्यास दुसऱ्याच्या भाषणातील पोकळपणा तत्काळ ऐकू येतो. आमच्या भागात वीस वक्ते तयार झाले तर चांगलेच. पण दोनशे पारखी श्रोते तयार झाले तर पुढाऱ्यांची भाषणे आपोआप सुधारतील!

आमच्या व्यापारी बंधूंसही दोन शब्द. मालाची किंमत गिऱ्हाइकास पटवून देण्यात आपला हात कोणी धरणार नाही. परंतु रस्तारुंदी, करआकारणी, फेरीवाले असे प्रश्न निघाले की आपण कोणीतरी वजनदार मनुष्य पुढे करून मागे उभे राहता. उसन्या तोंडाचे व्याज भारी असते, हे आपणांहून अधिक कोणास ठाऊक असणार? दुकानातील एक खोली आठवड्यातून दोन संध्याकाळी मोकळी करून दिलीत, आणि स्वतः मागच्या रांगेत न बसता पाटीवर नाव घातलेत, तर या कामाचा अर्धा भार हलका होईल.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा नियमाप्रमाणे ३० सप्टेंबरच्या आत भरतात. आज वीस माणसांनी मनावर घेतले तर त्या सभांपूर्वी निदान पहिले चार पाठ सहज होतील. पुढल्या खेपेस त्या बाई वही घेऊन उभ्या राहतील, तेव्हा पान आधीच काढून ठेविलेले असेल, प्रश्न एका वाक्यात तयार असेल, आणि "लवकर बोला ताई" असे अध्यक्षांनी म्हटलेच, तर "मला तीन मिनिटे पुरे आहेत" असे त्या शांतपणे सांगतील. मग हिशोब मंजूर होवो अथवा न होवो, तो प्रश्न सभेच्या इतिवृत्तात लिहिला जाईल. आम्हांस एवढेच हवे आहे. आणि ते कोणी आणून देणार नाही, आपले आपणच उभे राहून मिळविले पाहिजे.